आवक-जावक

मी बंदरावरचा कारकून, एसाहेल पिम.
ग्रँड नदी जिथे ईरी सरोवरात आपला गाळ ओतते
तिथल्या वखारीत एकोणतीस वर्षं
मी पिंपं मोजली : मीठ, पीठ, व्हिस्की, खारवलेले मासे.
माणसं मोजायला वहीत रकाना नव्हता.

त्या साली मे उजाडला तरी
पलीकडे बफेलोच्या तोंडाशी बर्फ धरणं देऊन बसलेलं,
इकडे रिकाम्या धक्क्यावर आम्ही माश्या मारत.
मग एका दुपारी धूर दिसला.
आगबोट टेकली, फळी पडली,
उतरायला लागले ते थांबेचनात.
म्हातारे, लेकुरवाळ्या, कोंबड्यांची खुराडी,
एकाच्या पाठीला भिंतीवरचं घड्याळ बांधलेलं, चालू.
मालक कानाशी येऊन म्हणाले,
"हेच ते मॉर्मन. भाडं आधी घे."
घेतलं. नाणी खणखणीत होती.

शेवटी उतरली किझाया थ्रॉल.
ओठ थंडीने जांभळे, काखेत पोर,
मागे दोन हमालांनी धरलेली पेटी.
"आईची कपबशी आहे. निळ्या नक्षीची. चोवीस नग.
गाडीत पोरांनाच जागा नाही, ठेवून घेता?
आठवड्यात नेते."

कर्टलंड इथून बारा मैल,
त्यातले सात चिखलाचे.
आठवड्याची चार वर्षं झाली.
मी दर तिमाहीला पेटीचं भाडं लिहायचो
आणि शाई वाळायच्या आत खोडायचो.
दर वसंतात बोटी येतच होत्या,
कुणी धक्क्यावर गुडघे टेकायचं,
कुणी ओकायचं, कुणी दोन्ही.
रस्ता विचारायचे सगळे, आणि मी
देवाधर्माचं काही न कळणारा माणूस,
दक्षिणेकडे बोट दाखवायचो.
बोट दाखवायला श्रद्धा लागत नाही.

ती आली तेव्हा ऑगस्ट होता.
नवरा मागल्या उन्हाळ्यात मिझुरीत पटकीने गेला
हे तिने हवापाणी सांगावं तसं सांगितलं.
पेटी उघडली. गवतात पाच कप फुटलेले.
मी लगेच लेखणी बुडवली :
नुकसान, नग पाच, जबाबदारी बोटीची,
भरपाई मिळेल बाई, मी अर्ज लिहितो.
ती हसली. "नको हो.
फुटकेच मागताहेत सध्या.
देवळाच्या गिलाव्यात कुटून घालणार,
उन्हात भिंत चमकावी म्हणून."

मग उरलेल्या एकोणीसांकडे
ती बराच वेळ बघत राहिली.
एक उचलला. आतून बाहेरून पुसला.
आणि दोर बांधायच्या लोखंडी कड्यावर
हळूच, अंडं फोडावं तसा, आपटला.
दुसरा. तिसरा.
चौथ्यापासून मी तिकडे बघायचं टाळलं;
मासेमारीच्या होड्या परतत होत्या, त्या मोजल्या.
सात.

पुढे तीन वर्षांनी ते गेले.
बँक बुडाली होती, आपसात फाटलं होतं, वॉरंटं निघाली होती,
खरं काय ते मला ठाऊक नाही.
गेले ते पाण्याने नाही. गाड्या जुंपून जमिनीवरून,
पश्चिमेला, पाठ आमच्याकडे करून.
बंदराला कुणी निरोप द्यायला येत नाही
ही जुनीच गोष्ट आहे, पण मला लागली.
माझ्या वहीत आवकेची पानं भरलेली
आणि जावक कोरी. असा हिशेब मालक
दुसऱ्या कुणाचा असता तर फाडून फेकते.

एकदाच गेलो कर्टलंडला, घोड्याला नाल मारायचं निमित्त काढून.
देऊळ उभं होतं, दारं बंद, आत कबुतरं.
सूर्य कलला तशी भिंत ठिणग्या टाकायला लागली.
मी चष्मा काढून अगदी नाक लावून शोधलं,
निळी नक्षी कुठे दिसते का.
पांढरं होतं, हिरवं होतं, काचेचं होतं.
निळंही होतं.
पण कुणाकुणाच्या आईचं, कसं सांगणार?

तळवा खरचटला थोडा.
परतीला चिखल वाळला होता.